बुडीत खाते

बँकेत चौतीस वर्षे नोकरी केली की एक खोड लागते. कुणाचाही जमाखर्च हातात आला की बेरीज बरोबर आहे का हे नजर नंतर पाहते. ज्या नोंदीपुढे कुणाचे नाव नाही, तिच्यावर ती आधी जाते. निवृत्त होऊनही ही खोड गेलेली नाही. तिच्यामुळेच पूर्व दिल्लीतल्या एका सरकारी शाळेत, अकरावीतल्या एका मुलीला मी रडवले. तिने केले ते चूक होते की बरोबर, याचे उत्तर मी अजून शोधते आहे. त्या वेळी मात्र ते मला सोपे वाटले होते.

दिल्ली सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये आपल्या शाळांमध्ये नववी ते बारावीच्या मुलांसाठी ‘आंत्रप्रेन्युअरशिप माइंडसेट करिक्युलम’ सुरू केला. मराठीत त्याला ‘उद्योजकीय मनोवृत्तीचा अभ्यासक्रम’ म्हणता येईल. याला परीक्षा नाही. गोष्टी, खेळ, चर्चा, आसपासच्या व्यावसायिकांशी गप्पा असे त्याचे स्वरूप. २०२१ मध्ये त्याला ‘बिझनेस ब्लास्टर्स’ जोडले गेले. अकरावी-बारावीच्या मुलांनी गट करायचे, धंद्याची कल्पना मांडायची, आणि ती मंजूर झाली की प्रत्येक मुलामागे २,००० रुपये बीजभांडवल मिळायचे. त्या वर्षी सुमारे तीन लाख मुले त्यात उतरली. पुढे राज्यकर्ते बदलले की योजनांची नावे बदलतात, तसे तिचेही होणारच. पण मुलांच्या हातात खरे पैसे देऊन त्यांना खऱ्या बाजारात पाठवायचे, हा विचार मला तेव्हाही धाडसाचा वाटला आणि आजही वाटतो.

ओळखीच्या एका शिक्षिकेने मला विचारले, “तुम्ही बँकेत होता, मुलांना हिशेब ठेवायला शिकवाल का?” मी आनंदाने गेले. पहिल्या दिवशी बाई मुलांना समजावत होत्या, “घाबरायचं नाही. बुडाले तर बुडाले. हे पैसे कोणी परत मागणार नाही.” वर्गात हसू पसरले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “मॅम, पक्कं ना? नंतर नाही मागणार?” बाईंनी सांगितले, पक्के. त्या तासात तिने हाच प्रश्न आणखी एकदा, थोडे शब्द बदलून विचारला. असे दोनदा विचारणारे कर्जदार मी खूप पाहिले होते. कर्ज बुडवणारे त्यांच्यात क्वचितच निघाले.

तिच्या गटात सहा जण होते. म्हणजे भांडवल १२,००० रुपये. दिवाळीसाठी सुगंधी मेणबत्त्या करायच्या, चारचा एक डबा, असे २०० डबे. सदर बाजारातून त्यांनी चाळीस किलो मेण आणले. मेणाचे ५,२००, साचे, रंग, सुगंध आणि वातींचे २,१५०, डब्यांचे २,४००, रिक्षा-बसचे ९००. एकूण खर्च १०,६५०. हाती उरले १,३५०. डब्याची किंमत ठेवली ६० रुपये. मी त्यांना विचारले, सगळे डबे विकले गेले तर नफा किती? पोरांनी पटकन सांगितले, १,३५०. मग विचारले, तुम्ही सहा जण तीन आठवडे रोज संध्याकाळी राबणार, त्याची मजुरी यात कुठे आहे? सगळे गप्प झाले. मग तीच मुलगी म्हणाली, “घरच्या कामाची मजुरी कोण धरतं, आंटी?” तेव्हा ते मला गंमतीचे वाटले.

दिवाळी झाल्यावर मी पुन्हा गेले. बाजारात कारखान्याच्या मेणबत्त्या यांच्यापेक्षा स्वस्त होत्या, आणि यांचा माल तयार व्हायला चार दिवस उशीर झाला होता. तरीही हिशेबाच्या वहीत शेवटी ४०० रुपये नफा दिसत होता. सुरेख अक्षर, तांबड्या शाईने अधोरेखित बेरीज. दिवाळीआधी ८५ डबे ६० रुपयांनी, ५,१००. दिवाळीनंतर २५ डबे ४० रुपयांनी, १,०००. आणि शेवटची नोंद: ‘ठोक विक्री, ९० डबे, ५५ रुपये प्रमाणे, ४,९५०.’ दिवाळी संपल्यावर किरकोळ भाव चाळीसवर आलेला असताना नव्वद डबे एकदम पंचावन्नने घेणारा हा ठोक व्यापारी कोण? नोंदीपुढे नाव नव्हते.

मी विचारले. गटातल्या मुलांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांनाही माहीत नव्हते. विक्री ‘हिने’ केली होती. मी तिला बाजूला घेतले. शाळेतून पुढच्या फेरीसाठी कोणते गट पाठवायचे ते ठरणार होते, आणि नफ्यातल्या गटांना आधी संधी मिळणार, असे मुलांमध्ये बोलले जात होते. माझ्या मनात सरळ तर्क होता: पुढे जाण्यासाठी आकडे रंगवले. मी बँकेतल्या आवाजात बोलले. ती रडू लागली आणि मग म्हणाली, “मम्मीने घेतले.”

डबे तिच्या घरी पलंगाखाली होते. तिची आई चार घरी स्वयंपाक करते. वस्तीतल्या दहा बायकांची कमेटी होती. मराठीत आपण भिशी म्हणतो तीच. महिन्याला ५०० रुपये, दर महिन्याला एकीची पाळी. आईने दुसरीशी पाळी बदलून घेतली, आलेल्या ५,००० मधून ४,९५० मुलीच्या हातात ठेवले.

“पण ते पैसे परत करायचेच नव्हते,” मी म्हणाले. “तू दोनदा विचारलंस.”

“म्हणून तर,” ती म्हणाली. “परत मागत नाहीत म्हणून बुडवायचे का?”

पुढे पाठवतील की नाही याची तिला पर्वा नव्हती. बारा हजार रुपये कुणीतरी दिले, ते आपल्या हातून गेले, आणि आता बाराच्या बारा कुठेतरी दिसायला हवेत, एवढेच तिच्या डोक्यात होते.

घरी येताना मेट्रोत बसून मी हे प्रकरण नेहमीच्या खणांत टाकायचा प्रयत्न केला. नोंद खोटी होती, हे नक्की. आईने घेतलेला माल हा ठोक व्यापार नव्हे. पण खोट्याचा हेतू सहसा दुसऱ्याचे काही घेण्याचा असतो. इथे स्वतःचे देण्याचा होता. आम्ही तिला सांगत होतो की अपयशाला घाबरू नकोस. ती घाबरली, आणि घाबरल्यामुळे जे केले त्याला आपल्या घरांत प्रामाणिकपणा म्हणतात. मग आम्ही शिकवत होतो ते काय होते?

तिच्या वडिलांची छोले-कुलच्याची रेहडी आहे. करोनाच्या काळात, जून २०२० मध्ये, केंद्र सरकारने फेरीवाल्यांसाठी स्वनिधी योजना आणली: तारणाशिवाय १०,००० रुपयांपर्यंत खेळते भांडवल, फेड एका वर्षात, महिन्याच्या हप्त्यांनी. वडिलांनी ते कर्ज घेतले आणि फेडले. पुढे एकदा रेहडी उचलून नेली गेली. ती सोडवायला ओळखीच्याकडून रोजच्या वसुलीवर पैसे काढले, ते अजून फिटत होते. आता शेजारी शेजारी ठेवून पाहा. बापाला दहा हजार मिळाले ते फेडण्यासाठी. लेकीच्या गटाला बारा हजार मिळाले ते बुडवण्याची मुभा असलेले. बापाच्या पैशामागे घर होते, चूल होती, रोजचा गल्ला होता. लेकीच्या पैशामागे एक तास होता, ज्यात सांगितले जात होते की खरा उद्योजक धोका पत्करतो. ज्याला खरोखर धोका होता त्याचे नाव त्या तासात निघाले नाही. मी एकदा वर्गात विचारले होते, तुमच्या घरात उद्योजक कोण आहे? एकही हात वर आला नाही. मग विचारले, कुणाच्या घरी दुकान, रेहडी, शिलाई, इस्त्री आहे? निम्म्याहून अधिक हात वर आले.

मी हे योजनेला नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. उलट. विचार करत गेले तेव्हा लक्षात आले की साऱ्या कार्यक्रमात सर्वांत खरी गोष्ट तीच होती: ते परत न मागण्याचे २,००० रुपये. मुलांच्या अंगात धाडस आले ते गोष्टींमुळे कमी आणि त्या पैशांमुळे अधिक. पडले तर खाली काहीतरी आहे हे कळले म्हणून ती उडी मारायला तयार झाली. आणि आम्ही त्या उडीचे श्रेय मनोवृत्तीला देत होतो.

कायद्याला ही गोष्ट फार पूर्वीपासून कळलेली आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात निकाल दिला की अज्ञानाने केलेला करार मुळातच निरर्थक आहे. कोलकात्यातल्या त्या सावकाराला अल्पवयीन मुलाने लिहून दिलेले गहाणखत उपयोगी पडले नाही. बँकेच्या परीक्षांसाठी आम्ही तो खटला पाठ केला होता. त्यातला अर्थ मला आता कळतो: अठरा वर्षांखालच्या मुलाला समाज सांगतो, तू चूक कर, तिचे देणे तुझ्या डोक्यावर बसणार नाही.

हीच सवलत कायद्याने एका प्रौढालाही दिली आहे. त्याचे नाव ‘लिमिटेड’. इंग्लंडमध्ये १८५५ साली आणि भारतात १८५७ साली कायद्याने मर्यादित जबाबदारीची कंपनी शक्य झाली. कंपनी बुडाली तर भागधारकाने घातलेले भांडवल जाईल, पण त्याचे घर, त्याच्या बायकोचे दागिने यांना हात लागणार नाही. एकोणिसाव्या शतकात अनेकांना हे अनैतिक वाटले होते. देणे हे देणे, ते अर्ध्यात कसे थांबवायचे? पण रेल्वे आणि गिरण्या उभ्या राहिल्या त्या या सवलतीवर. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेनंतर मोठी कंपनी बुडते तेव्हा बँका बसून ठरवतात की येण्यातले किती सोडायचे. त्याला ‘हेअरकट’ म्हणतात. शब्द किती हलका आहे पाहा. केस कापले, पुन्हा वाढतील. रेहडीवाल्याची जबाबदारी मात्र अमर्याद असते. तो आणि त्याचा धंदा कायद्याच्या नजरेत एकच. रेहडी बुडाली की घर बुडते.

म्हणजे धोका पत्करण्याची ताकद ही स्वभावात असते त्याहून जास्त व्यवस्थेत असते. कुणाच्या खाली जाळी आहे आणि कुणाच्या खाली फरशी, हे न सांगता दोघांनाही ‘उडी मारा’ म्हणणे, यात मला नैतिक अडचण दिसते. फरशीवर पडणाऱ्याला आपण पुढे म्हणतो, तुझी मनोवृत्तीच कमी पडली.

हे मी घरात पाहिले आहे. नगरला माझ्या काकांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, हँडबिले, शाळांच्या वह्या. खिळे जुळवून छपाई करणारे ते ट्रेडल यंत्र मी लहानपणी तासन् तास बघत असे. ऐंशीच्या दशकात ऑफसेट आले आणि पाच वर्षांत काम आटले. काकांनी दोन कामगारांचा पगार शेवटच्या महिन्यापर्यंत दिला, आणि तो देण्यासाठीच कर्ज वाढवले. छापखाना बंद झाल्यावर माझ्या वडिलांनी आपल्या पगारातून अकरा वर्षे ते कर्ज फेडले. काका व्हरांड्यात बसून पेपर वाचत. घरात कोणी त्यांना टाकून बोलले नाही, पण नातेवाइकांत त्यांना एक नाव पडले: बुडव्या. नगरहून थोड्या अंतरावर ज्याने पाच वर्षे आधी, दुसऱ्याच कुठल्या कारणाने, यंत्र विकून जागा भाड्याने दिली होती, त्याला लोक दूरदृष्टीचा म्हणत. दोघांच्या मनोवृत्तीत फरक असलाच तर काकांच्या बाजूने होता.

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये एका जुन्या कोड्याला ‘नैतिक दैव’ असे नाव दिले. आपण म्हणतो की माणसाला त्याच्या हातात असलेल्या गोष्टींबद्दलच दोष द्यावा. पण प्रत्यक्षात निकाल पाहून दोष देतो, आणि निकाल तर त्याच्या हातात नसतो. धंदा हे या कोड्याचे रोजचे दुकान आहे. मेणबत्त्या चार दिवस आधी तयार झाल्या असत्या तर तीच मुले, तीच मेहनत, कदाचित व्यासपीठावर असती. यशाची गोष्ट मागून सांगायला सुरुवात केली की प्रत्येक योगायोग निर्धारासारखा दिसू लागतो. शाळेत पाहुणे म्हणून यशस्वी लोक येतात, ते खोटे बोलत नाहीत, पण त्यांना आपली गोष्ट शेवटाकडूनच माहीत असते. बुडालेल्यांना आपण बोलावत नाही. काकांना कोणत्या शाळेने बोलावले असते?

मुलांना बाजारात उतरवण्याचा हा प्रश्न दिल्लीत पहिल्यांदा पडलेला नाही. अमेरिकेत १९१९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे ‘ज्युनिअर अचीव्हमेंट’ सुरू झाली. तिच्या जुन्या पद्धतीत मुले छोटी कंपनी काढत, शेजाऱ्यापाजाऱ्यांना तिचे शेअर विकत, वस्तू करून विकत, आणि वर्षाच्या शेवटी कंपनी रीतसर गुंडाळत. ती गुंडाळणी मला फार आवडते. बंद कसे करायचे, कुणाला किती परत द्यायचे आणि उरलेले देणे कुठे थांबते, हेही अभ्यासक्रमात होते.

आपल्याकडे १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींचा आग्रह होता की शिक्षण हस्तोद्योगातून द्यावे, आणि मुलांनी केलेल्या वस्तूंच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च, निदान शिक्षकाचा पगार, निघावा. यावर लगेच आक्षेप आला: मग शिक्षक मुलांना राबवणारा मुकादम होईल. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने आराखडा तयार केला, पण त्यांच्या अहवालातही सावधगिरीची सूचना होती की आर्थिक बाजूवर भर देताना शिक्षणाचा हेतू हरवू नये. नई तालीम आणि आजचा उद्योजकतेचा तास यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे; एकात श्रमाची प्रतिष्ठा आहे, दुसऱ्यात भांडवलाची. पण प्रश्न एकच राहतो. शिकणाऱ्या मुलाच्या हातून सूत तुटणारच. तुटलेल्या सुताची किंमत कोणी द्यायची? शाळेने दिली तर ते शिक्षण. मुलाने दिली तर ती मजुरी. त्या मुलीच्या घरी ती तिच्या आईने दिली, दहा महिन्यांच्या हप्त्यांनी.

यावर दोन आक्षेप मी स्वतःच स्वतःला घेतले आहेत.

पहिला असा की हे सगळे मुलांना सांगितले तर त्यांचा धीर जाईल. सोळाव्या वर्षी ‘तुझ्या खाली फरशी आहे’ असे ऐकून कोण उडी मारेल? हा आक्षेप खरा आहे. मी निवृत्तिवेतन घेणारी बाई. धोक्याबद्दल इतरांना सावध करणे मला सोपे आहे. नोकऱ्या नाहीत हेही खरे, आणि ‘नोकरी मागणारे नव्हे, देणारे व्हा’ या घोषणेतली पोकळी त्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळते. पण फरशी आहे हे त्यांना आम्ही सांगायची गरज नव्हतीच. तिने दोनदा हात वर केला तो त्यासाठीच. तिला हवी होती ती जाळी कशी विणतात याची माहिती: कंपनी म्हणजे काय, जामीन राहणे म्हणजे काय, धंद्याचे पैसे आणि घरचे पैसे दोन खात्यांत का ठेवायचे, फेरीवाल्याला २०१४ च्या कायद्याने कोणते हक्क दिले आहेत, विमा कुठे मिळतो. या गोष्टी कंटाळवाण्या आहेत. पण सधन घरातल्या मुलाला त्या जेवणाच्या टेबलावर फुकट मिळतात.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. देणे फेडलेच पाहिजे ही त्या मुलीची जाणीव मी दोष म्हणून कशी मांडते? चौतीस वर्षे माझा पगार याच जाणिवेवर निघाला. माझ्या शाखेत भाजी विकणारी एक बाई दर सोमवारी दहा-वीसच्या नोटा रुमालात बांधून हप्ता भरायला येई. तिचा मुलगा आजारी होता त्या महिन्यात दोन हप्ते चुकले, तेव्हा मीच तिच्या घरी गेले होते. मी उद्धट बोलले नाही. फक्त दारात उभी राहिले, शेजारी पाहत होते, आणि तेवढे पुरले. तिसऱ्या दिवशी तिने कानातले मोडून भरले. त्याच वर्षी एका मोठ्या खात्यावरची रक्कम वरच्या पातळीवर बुडीत म्हणून वगळली गेली. त्या कागदावर कुणाच्या दारात उभे राहायची कुणाला गरज पडली नाही. मी दोन्ही गोष्टी नियमाने झालेल्या पाहिल्या, आणि दोन्ही रात्री मला झोप लागली.

म्हणून मला ती जाणीव घालवायची नाही. ती घालवून कुठलाच बाजार चालणार नाही. विश्वास हेच तर पहिले भांडवल. माझी तक्रार तिच्या वाटपाबद्दल आहे. लाज सगळी एका बाजूला आणि सवलत सगळी दुसऱ्या बाजूला, अशी ही वाटणी आहे, आणि शाळेतला एक तास ती वाटणी दाखवायची संधी असताना आपण तिच्यावर मनोवृत्तीचे पांघरूण घालतो. धीट व्हायला शिकवायचे असेल तर ज्याच्या बळावर धीट होता येते त्याचाही हिस्सा द्यायला हवा. नाहीतर गरिबाच्या मुलाला फक्त नवी लाज मिळते: बाप गरीब होता याची जुनी, आणि आपण उद्योजक होऊ शकलो नाही याची नवी.

त्या वहीचे काय करायचे हा प्रश्न उरला होता. बाईंना मी सगळे सांगितले. त्या चांगल्या शिक्षिका होत्या. साठ मुलांचा वर्ग, वर इतर सतरा कामे, तरीही त्या माझ्याबरोबर बसल्या आणि म्हणाल्या, खरा हिशेब लिहू दे, तोट्याचा गट म्हणून मी त्यांना सगळ्यांसमोर बोलायला लावीन. गट पुढे गेला नाही. पण आम्ही सहाही मुलांना घेऊन वही पुन्हा लिहिली. विक्री ६,१००. हाती एकूण ७,४५०. शिल्लक माल ९० डबे. भांडवलातली तूट ४,५५०. मी त्यांना दाखवले की शिल्लक मालाचीही काही किंमत धरता येते, आणि ती किती धरायची हे ठरवताना स्वतःला कसे फसवता येते. बाकीच्या पाच मुलांना तेव्हाच कळले की आपल्यातल्या एकीच्या घराने सगळ्यांचा तोटा उचलला होता. एक मुलगा चिडला. “आम्हाला का नाही सांगितलं? तूट सहा जणांची होती ना?” भागीदारीचा त्याहून चांगला धडा मी देऊ शकले नसते.

आईचे ४,९५० गटाच्या हाती असलेल्या पैशातून परत द्यायचे ठरले. हा निर्णय मुलांचा. मुलगी मात्र पेन हातात धरून बसून राहिली. तिला एक अडचण होती.

“आंटी, मम्मीचे पैसे आले होते हे तर खरं आहे. ते कुठे लिहू?”

मी म्हणाले, जमेच्या बाजूला लिही, ‘उसने’. आणि परत दिल्याच्या तारखेला खर्चाच्या बाजूला ‘उसने फेड’. तिने लिहिले. मग थोडा विचार करून विचारले, कमेटीची पाळी आधी घेतल्यामुळे मम्मीने त्या बाईला शंभर रुपये वर दिले होते, ते कुणाच्या नावावर टाकायचे?

चौतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. गटाच्या नावावर, मी म्हणाले. तिने ४,५५० खोडून तूट ४,६५० केली आणि वही बाईंच्या हातात दिली.